जगदेवीबाईंचे ‘हे’

जगदेवीबाईंच्या मुलाखती घ्यायला आजवर इतके लोक येऊन गेले, की त्यांच्या दारातल्या कुत्र्यालासुद्धा कॅमेऱ्याची सवय झाली आहे. सप्टेंबर संपत आला की लांबलांबच्या गाड्या येतात, बाईंना खाटेवर बसवतात आणि विचारतात, ‘भूकंप झाला तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’ बाई मान हलवतात, चहाचं आधण ठेवतात. मला मात्र हा प्रश्न ऐकला की विचारणाऱ्याचा कान पिरगाळावासा वाटतो.

तशी मीही तिथं यंत्र घेऊनच गेले होते. मी लुंबिनी, मूळची नांदेडची. लातूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. निवृत्त झाल्यावर भूकंपातून वाचलेल्या माणसांचे आवाज गोळा करायला लागले. एवढंच की मी भूकंपाच्या आधीचं विचारायचे. घर कुठल्या तोंडाचं होतं, अंगणात कोण बसायचं, भांडणं कशावरून व्हायची. ही सगळी रेकॉर्डिंगं कॉलेजच्या ग्रंथालयात एका कपाटात आहेत. ग्रंथपाल त्याला भुताचं कपाट म्हणतो. मी त्याच्याकडे दुर्लक्ष करते.

जगदेवीबाई तेरणेकाठच्या कवठाळीच्या. वडील शरणप्पा, ही त्यांची एकुलती एक लेक. लेक डोळ्यांआड जाऊ नये म्हणून त्यांनी देवणीकडचा एक मुलगा घरजावई करून आणला. त्याला आईबाप नव्हते, मामानं वाढवलेला. गडी कामाला वाघ होता आणि जनावरांचं त्याला भारी वेड होतं. येताना देवणी गोऱ्ह्यांची जोडी घेऊन आला, तर गाव नवरदेव सोडून गोऱ्हेच बघायला लोटलं. पण घरजावई तो घरजावईच. सगळं गाव त्याला ‘जावई’ म्हणायचं, फार तर ‘देवणीकर जावई’. धडधाकट माणसाला लोकांनी जन्मभर पाहुणा करून ठेवलं.

जगदेवीबाई त्यांना ‘हे’ म्हणतात. ‘हे’ पहाटे उठून गुपचूप चहा करायचे आणि बायको उठायच्या आत कप विसळून ठेवायचे, सासऱ्याला कळू नये म्हणून. ‘हे’ चिडले की गोठ्यात जाऊन बसायचे. मग जेवायला बोलवायचं कसं? बाई गोठ्याच्या दारात उभ्या राहून बैलाला सांगायच्या, ‘राजा, तुझ्या मालकाला म्हनावं भाकरी निवून राहिली.’ हे सांगताना त्या तोंडाला पदर लावून हसतात. माझ्या कपाटातला सगळ्यात गोड तुकडा तो आहे.

पोटी लेकरू झालं नाही. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात गणपती बोळवून गाव झोपलं, ते बरंचसं पुन्हा उठलंच नाही. शरणप्पा गेले, ‘हे’ गेले. पत्र्याच्या शेडमध्ये नवी कागदपत्रं करायला कारकून आला, तेव्हा त्यानं बाईंना नवऱ्याचं नाव विचारलं. बाईंनी तोंड फिरवलं. ‘घर कुणाचं?’ त्यानं विचारलं. कुणीतरी म्हणालं, ‘शरणप्पाचं.’ त्यानं तेच लिहून घेतलं. तेव्हापासून रेशनकार्डापासून आधारपर्यंत बाई ‘जगदेवी शरणप्पा’ आहेत. कागद वाचणाऱ्याला वाटावं शरणप्पा नवराच. त्यांना वाचता येत नाही, आणि वाचून दाखवायची गरज कुणाला पडली नाही.

गेल्या वर्षी कवठाळीच्या नव्या गावठाणातले वीरण्णा माझ्याकडे लातूरला आले. गेलेल्या माणसांच्या नावांची जुनी शिळा झिजली होती, गाव नवी बसवणार होतं. ‘जुन्या शिळेवर एका जागी नुसतं देवणीकर जावई लिवलंय,’ ते म्हणाले. ‘बरं दिसत न्हाई, बाई. तुमच्या कपाटात नाव असंलच की.’

‘तुम्हाला नाही आठवत?’

‘काहीतरी अप्पा व्हतं. पर आमच्याकडं समदेच अप्पा.’

मी छाती काढून म्हटलं, उद्या सांगते. आणि जगदेवीबाईंची सगळी रेकॉर्डिंगं ऐकायला बसले. गोऱ्ह्यांची नावं होती, म्हशीचं होतं, गावच्या न्हाव्याच्या सासऱ्याचंसुद्धा होतं. नवऱ्याचं कुठंच नव्हतं. ‘हे’, ‘घरचे’, ‘मालक’, ‘त्येंनी’. तासन्‌तास त्या एका माणसाविषयी बोलल्या होत्या आणि त्याचं नाव एकदाही ओठावर आणलं नव्हतं. मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही, कारण मी त्याच वळणात वाढले. माझी आई चांगुणा, नांदेडात धम्मदीक्षा घेतलेली. देव सोडले, उपास सोडले, घरातला देवाचा टाक नेऊन नदीत सोडला. पण बाबांचं नाव घ्यायची वेळ आली की ती माझ्याकडे बोट दाखवायची, ‘हिचा बाप.’

मी कवठाळीला गेले. शिळेचं सांगितलं. बाई ऐकत होत्या, शेंगा फोडत होत्या.

‘मावशी, नाव तेवढं सांगा.’

‘न्हाई घेत मी.’

‘लग्नात घेतलं असेल की उखाण्यात. तसंच घ्या, मी बरोबर उचलते.’

शेंगा फोडणारा हात थांबला. ‘उखाना सवाशिनीचा असतोय, बाई,’ त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. एवढं शिकून मी त्या बाईला काय सुचवत होते!

मग त्यांनीच बोलायला सुरुवात केली. रेकॉर्डर चालूच होता. इतक्या वर्षांत, इतक्या कॅमेऱ्यांपुढं न बोललेलं त्या बोलल्या.

‘त्या राती गाय व्यायला झालती. हे जागत बसले व्हते. मी म्हनलं, तुमी पडा जरा, मी बसते. मीच आत धाडलं त्येंला. गोठा पत्र्याचा, मी वाचले. दगड-मातीचं माळवद व्हतं, ते समदं त्येंच्यावर. उजाडल्यावर शेजारच्या गावची मानसं आली फावडे घेऊन. म्हनली, बाई, नाव सांग, हाक मारतो, आत जित्ता असंल तर ओ देईल. मी पदर तोंडाला लावला. ते म्हनले, अगं, नाव काय? मला न्हाई आलं तोंडात. नाव घेतलं की त्येंचं आयुष्य कमी व्हतंय, लहानपनापसून आयकलेलं.’

‘मग?’

‘मग मीच हाका मारल्या. अवं, अवं, आयकू येतंय का. शेजारीन बी तेच करत व्हती. पलीकडली बी. समद्या गल्लीत बायांचं नुसतं अवं, अवं. आत दबलेल्या मानसानं काय समजावं, कुनाला बलवून राहिलेत? लेकरांला तेवढं नावानं हाका व्हत्या. शेजारच्या गंगूच्या पोरानं नावाला ओ दिली, त्येला काढलं. आमच्या घरातनं ओ आली न्हाई, फावडेवाली मानसं हुडकत हुडकत पुढं गेली. यांला दुसऱ्या दिशी काढलं.’ त्यांनी शेंगांची टरफलं गोळा केली, पुन्हा खाली टाकली. ‘तवा घेतलं न्हाई नाव. घ्यायचं तवा न्हाई घेतलं. आन आता दगडासाठी घेऊ?’

मला रडू आलं. लपवता आलं नाही आणि लपवायचंही नव्हतं. या बाईला दरवर्षी कुणी ना कुणी विचारत होतं, तुम्हाला कसं वाटलं. आत ती हे धरून बसली होती आणि वरून लोकांना चहा पाजत होती. मी रेकॉर्डर बंद केला. म्हटलं, ‘राहू द्या, मावशी. नव्या शिळेवरही देवणीकर जावई लिहायला सांगते. लोकांना कळतं कोण ते.’

मी पिशवी उचलून दारापर्यंत आले, तेव्हा मागून त्या म्हणाल्या, ‘थांबा वाईच.’

मी वळले.

‘जावई म्हंजे माझ्या बापाचा जावई. मग माझे कोन?’

त्यांनी चपला घातल्या, कडी लावली. ‘जुन्या गावात चला,’ म्हणाल्या. ‘घ्यायचंच असंल तर त्येंच्या म्होरं घेते. तुमच्या त्या डबड्यात न्हाई.’

‘डबडं आणू का नको?’

‘आना,’ त्या म्हणाल्या. ‘दगड कोरनाऱ्याला कळाया पायजे.’

जुन्या कवठाळीत आता बाभळी माजल्या आहेत. जोत्यांचे दगड लोकांनी केव्हाच उचलून नेले, उरलेत ते गवतात बुडालेत. मला एक घर दुसऱ्यापासून ओळखू येईना. बाई मात्र वळणं घेत चालत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, हितनं नका, हे गंगूचं सैपाकघर हाय. मी गुपचूप वळसा घातला. शेवटी एका फुटक्या दगडी डोणीपाशी त्या थांबल्या. बैलांची पाणी प्यायची डोण. तिच्यात बाभळीचा पाला साचला होता, तो त्यांनी हातानं काढून टाकला.

मग त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला. मला वाटलं, खाली मान घालून हळूच सांगतील, म्हणून मी रेकॉर्डर जवळ धरला. त्यांनी तो हातानं बाजूला सारला, समोर जिथं दार असावं तिकडं तोंड केलं आणि सगळा जीव एकवटून हाक मारली.

‘मडिवाळप्पा!’

बाभळीवरचे होले उडाले. जन्मात एकदा, मांडवात, हसत घेतलेलं नाव त्या दुसऱ्यांदा घेत होत्या.

‘अवं मडिवाळप्पा! मी हाय, जगदेवी. भायेर या!’

नंतर त्या तशाच उभ्या राहिल्या, मान किंचित कलती करून, डोळे मिटून. वीरण्णांना सांगायचं नाव मला मिळालं होतं. माझा हात आपोआप बटणाकडे गेला.

‘ऱ्हाऊ द्या चालू,’ बाई डोळे न उघडता म्हणाल्या. ‘हाक मारल्यावर जरा थांबावं लागतंय.’

आम्ही थांबलो.