कूमच्या नाकावरचा ठोसा

माझ्या नवऱ्याच्या हातचा मार न खाल्लेला माणूस आमच्या गावात शोधायचा तर पाळण्यातच शोधावा लागेल. वितोमिरचं काम तसं साधं. कोणाकडे भाड्याचं पोकलेन नाहीतर रोलर यायचा असला की तो आधी जाऊन जागा तयार करतो. आड येणाऱ्या फांद्या तोडायच्या, कुत्री बांधायची, मऊ जमिनीवर खडी पसरून जाड फळ्या टाकायच्या, ट्रेलर वळेल एवढी वाट मोकळी करायची. काम संपलं की यंत्र धुऊन फाटकाशी आणून ठेवायचं. आणि यंत्र उतरत असताना कोणी समोर पाऊल टाकलं की त्याला हाणायचं. हे शेवटचं काम त्याला कोणी सांगितलेलं नाही.

पोस्टमनचा कान त्यानेच फाडला. वाटेतली गाडी हलवत नाही म्हणून सरपंचाच्या मेहुण्याला त्याने खिडकीतून बाहेर ओढलं. खिडकीची काच तेव्हा बंद होती.

"रानटी माणसा, तोंडाने सांगता येत नाही?" मी ओरडायचे.

"मिलेन्कोला तोंडानेच सांगितलं होतं," एवढंच तो म्हणायचा.

मिलेन्को त्याचा धाकटा भाऊ. ट्रेलरवरून घसरलेल्या रोलरखाली गेला. त्याला फावड्याने गोळा करावं लागलं. हे ठाऊक असूनही मला राग यायचा तो यायचाच.

एका माणसावर मात्र त्याने कधी हात उगारला नव्हता. झिवादिन, आमचा कूम, म्हणजे देवासमोर जोडलेला नातलग; हे नातं दोन्हीकडून असतं, तो आमचा कूम तसे आम्ही त्याचे. आमच्या लग्नात मेणबत्ती धरून तोच मागे उभा होता, दोन्ही मुलींची नावंही त्यानेच ठेवली. सख्ख्या भावाला मारलं तर इथे लोक म्हणतात, भाऊबंदकी आहे, चालायचंच. कूमला मारलं तर त्या घराची पायरी कोणी चढत नाही.

तर त्या झिवादिनने तळघर खणायला पोकलेन मागवलं. वितोमिर पहार ठोकत अंगणभर फिरला. फाटकाच्या डाव्या हाताला पहारीचा आवाज बदलला.

"कूम, इथे तुमची विहीर होती ना?"

"होती. बाबांनी बुजवली."

"बुजवली की झाकली?"

झिवादिनचा चेहरा लाल झाला. कारण आमच्याकडे विहीर कोणी बुजवत नाही. जिवंत पाणी पुरणं म्हणजे माणूस जिवंत पुरणं. लोक वर फळ्या टाकतात, माती लोटतात आणि कचेरीतला माणूस आला की सांगतात, बुजवली.

"माझा बाप मरताना क्रॉसवर हात ठेवून बोललाय. तो खोटारडा होता का?"

"मी तसं म्हटलं नाही. आपण उजवीकडून उतरवू."

उजवीकडे द्राक्षांचा मांडव होता, तोही बापाच्याच हातचा.

"एक वेल तोडलीस तर बघ!" झिवादिन म्हणाला.

ट्रेलर आला तेव्हा अर्धं गाव कुंपणाला टेकून उभं होतं. ड्रायव्हर ब्लागोये पोकलेनवर चढला. झिवादिन धावत गेला आणि विहिरीच्या जागेवर उभा राहून पाय आपटायला लागला. "ये, ब्लागोये, ये! हा बघ, मी उभा आहे! माझ्या बापाने भरलीय ही!"

पोकलेन ट्रेलरच्या उतारावरून सरकू लागलं. वितोमिर ओरडला, त्या धडधडीत ते कोणाला ऐकू जाणार? मग मी त्याला पळताना पाहिलं. माझ्या तोंडून "नको!" निघालं आणि त्याच क्षणी त्याची मूठ कूमच्या नाकावर बसली. झिवादिन आडवा झाला. वितोमिरने त्याला कॉलर धरून फरपटत पक्क्या जमिनीवर आणलं, कुऱ्हाड घेतली आणि मांडव मुळापासून आडवा केला. ब्लागोयेने यंत्र उतारावरच थांबवलं होतं, तो पांढराफटक पडला होता. त्याने यंत्र मागे घेतलं आणि मांडवाच्या बाजूने उतरवलं.

झिवादिन उठला. नाक एका बाजूला गेलं होतं, सदरा रक्ताने भिजला होता. त्याच्या हाताशी फावडं होतं. त्याने ते उचललं नाही.

"मी कूमवर हात टाकणार नाही," तो म्हणाला. "मी माणूस आहे." आणि वितोमिरच्या पायांवर थुंकला.

विहिरीच्या जागची जमीन काही खचली नाही. मग काय विचारता! कूमला मारलं, तेही फुकट. गावाने आम्हाला वाळीत टाकलं. बाजारात बायका माझ्याकडे पाठ करायच्या. मी रात्री उशीत तोंड खुपसून वितोमिरला शिव्या द्यायचे.

यंत्र परत न्यायच्या दिवशी वितोमिर ठरल्याप्रमाणे गेलाच. झिवादिनने कुत्रं सोडलं. त्याने वितोमिरच्या पोटरीचा लचका तोडला. वितोमिरने लाथ घालून कुत्र्याला बांधलं आणि रक्ताने बूट भरलेला असताना पोकलेन धुतलं. ब्लागोये ते ट्रेलरवर चढवणार, एवढ्यात वितोमिर विहिरीच्या जागेकडे बोट करून म्हणाला, "त्या तिथे एकदा पोकलेनची बादली दाब."

बादली टेकली आणि जमीन गेलीच. कुजक्या फळ्या कडाडल्या, खाली काळा खड्डा उघडा पडला. झिवादिन काठापर्यंत आला, ढेकूळ आत लाथाडलं. पाण्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला. तो घरात गेला आणि दार लावून घेतलं.

"दिसलं का आता?" मी कुंपणावरून ओरडले.

"गप्प बस, स्तामेना," वितोमिर म्हणाला. "मारलं ते मारलंच."

हिवाळ्यात घराण्याच्या संताचा सण आला. या सणाला आमच्यात कोणाला बोलावत नाहीत. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला कोणी हाकलत नाही. मी मासळीचं सूप केलं, भाकर भाजली, सगळ्या खुर्च्या मांडल्या. दुपार झाली तरी कोणी आलं नाही. वितोमिर मान खाली घालून बसला होता. मला रडू येत होतं आणि त्याच्या टाळक्यात पळी हाणावीशीही वाटत होती.

मग फाटक वाजलं. झिवादिन उभा होता, वाकड्या नाकाचा.

"कूम, आत ये ना," मी म्हणाले.

"आधी त्याला बाहेर पाठव. उंबऱ्याच्या आत हात उगारत नाहीत."

वितोमिर रस्त्यावर गेला, टोपी काढली आणि हात मागे बांधून उभा राहिला. झिवादिनने सगळं अंग मागे नेऊन ठोसा मारला. या वेळी हाड मोडल्याचा आवाज मी नीट ऐकला. वितोमिर गुडघ्यांवर आला. झिवादिनने त्याला काखेत हात घालून उभं केलं.

"माझा बाप खोटं बोलला," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तू मला मारलं नसतंस तर मी त्याच्या खोट्यात बुडून मेलो असतो. आता ठोशाला ठोसा, फिटलं. चल, भाकर मोडू."

रीतीप्रमाणे दोघांनी भाकर हातात धरून फिरवली आणि मोडली. वितोमिरच्या नाकातलं रक्त तिच्यावर ठिबकलं. मी फडकं आणायला उठले, तोवर झिवादिनने तो तुकडा स्वतःच्या ताटात घेतला आणि खाल्ला.