हिराजी नाना आणि उधाणाचं पाणी

हिराजी नाना रिक्षात बसण्याआधी रिक्षाचं इंजिन ऐकायचे. कामोठ्याच्या नाक्यावर रिक्षा थांबली की ते आत न शिरता बाहेरच उभे राहत, डोळे मिटत, मान तिरकी करत आणि मग निकाल देत, "नाय रे बाबा, दम नाय हिच्यात." रिक्षावाला तापलेला, मागचे हॉर्न वाजवताहेत आणि मी भाजीच्या पिशव्या धरून ओशाळून उभी. दोन-तीन रिक्षा अशा नापास झाल्यावर एखादी पास होई. मग त्या रिक्षावाल्याचं वाटभर इतकं कौतुक चाले की उतरताना तो बिचारा लाजत असे.

मला आधी वाटलं होतं, हा माणूस थोडा चक्रम असावा. पुढे खात्रीच पटली. आता नाना नाहीत, त्यांची बायको, आमच्या चंद्राकाकी, त्याही नाहीत. मी कुठल्याही रिक्षात निमूट बसते आणि कधीकधी इतकी आठवण येते की कुठे उतरायचं तेच विसरते.

आम्ही डोंबिवलीहून कामोठ्यात आलो ते नानांनी बांधलेल्या इमारतीत. नाना खाडीकाठच्या गावातले, घरची मिठागरं असलेले. मिठागरं गेली, इमारती आल्या, गळ्यात जाड साखळी आली. पण पांढऱ्या सदऱ्यावर ग्रीसचा डाग नाही असा दिवस मी पाहिला नाही. इमारतीच्या पार्किंगमधली एक जागा त्यांनी गाडीला दिली नव्हती. तिथे लोखंडी घोडीवर एक इंजिन उघडून ठेवलेलं असे. कुठल्याशा जुन्या मोटारीचं, चार सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं. तरुणपणी त्यांनी ते होडीला बसवलं होतं आणि जत्रेतल्या होड्यांच्या शर्यतीत सगळ्या खाडीला पाणी पाजलं होतं, असं ते स्वतःच सांगत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी "पार्किंगमध्ये वर्कशॉप नको" म्हटलं, तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, "वर्कशॉप नाय ते. माजा देव्हारा हाय."

माझी आणि त्या देव्हाऱ्याची गाठ पडली ती एका डिसेंबरात. मी पनवेलच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. नाना सकाळी दारात येऊन उभे. म्हणाले, "बाय, तुमच्या कॉलेजात ती काचेची नली असते ना, थेंब थेंब सोडायची? ती पायजे."

"ब्युरेट? कशाला?"

"इंजिनाचं पोट मोजायचंय."

मग त्यांनी पायरीवर बसून मला कंप्रेशन रेशो समजावला. पिस्टन तळाशी असताना त्याच्या डोक्यावर जेवढी जागा, ती पिस्टन वरच्या टोकाला आल्यावर उरलेल्या जागेच्या, म्हणजे पोटाच्या, किती पट, तो रेशो. वर जागा कमी उरली तर दाब जास्त, दाब जास्त तर जोर जास्त. पण फार ताणलं तर पेट्रोल वेळेआधीच पेटतं, इंजिन आतल्या आत ठोके मारतं आणि पिस्टन फुटतो. त्या इंजिनाचे पिस्टन आता कुठेच मिळत नव्हते. "मानसाचंबी तसंच हाय," नाना म्हणाले, "दाबला नाय तर आलशी, जादा दाबला तर फुटला."

इंजिन पुन्हा बांधायची घाई मात्र देव्हाऱ्यासाठी नव्हती. चंद्राकाकींसाठी होती. काकींचं हृदय थकलं होतं, गुडघे गेले होते. त्या दिवसभर गॅलरीजवळच्या पलंगावर बसून असत. नानांचं गाव मोठ्या प्रकल्पात गेलेलं. घरं पाडली, भराव टाकला, लोकांना दुसरीकडे प्लॉट दिले. काकी त्याच गावात लहानाच्या मोठ्या झाल्या, त्याच गावात दिल्या गेल्या. त्यांना सासर-माहेर एकच. दिवाळीनंतर डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, आणि त्याच आठवड्यात काकी म्हणाल्या, "मना एकदा आपल्या बंदरावर नेशील?"

रस्त्याने जायची सोय उरली नव्हती. तिकडे पत्र्याचं कुंपण आणि शिट्टी मारणारे वॉचमन. खाडीकडून मात्र कुणी पत्रा ठोकला नव्हता. पण तिथली वाट गाळाने भरलेली. पौर्णिमेच्या उधाणालाच काय ते होडीपुरतं पाणी चढणार, जरा वेळ थांबणार आणि उतरणार. मच्छीवाल्यांच्या डिझेल होड्या जड आणि संथ, जाऊन परत फिरेपर्यंत चिखलात बसल्या असत्या. नानांची शर्यतीची होडी हलकी, तळाला चपटी. तिला जोर मिळाला तर पाणी असेतो जाऊन येणं जमत होतं. म्हणून तो रेशो.

मी कॉलेजातून तोंडाशी टवका उडालेली, बाद झालेली ब्युरेट आणली. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उलटं करून टेबलावर ठेवलं, व्हॉल्व्ह बंद, प्लग घट्ट. कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पाटी चिकटवली. त्या भोकातून तेल सोडायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि किती तेल मावलं ते ब्युरेटवर वाचायचं. आता तेल कुठलं? नानांनी खोबरेल काढलं. त्यांच्या घरची रीत होती, होडीच्या कुठल्याही उघडलेल्या भागाला पहिलं तेल नारळाचं. बाकी सगळं नंतर.

पहिल्या वाचनावरून हिशेब केला तर रेशो नऊच्या जरा खाली आला. नाना खूश. "मंग अजून वाव हाय. हेड कलंबोलीला पाठवतो, अजून जरा घासून पोट कमी करून घेतो. साडेनऊ केला का होडी पाखरावानी उरल."

माझ्या हाडीमाशी खिळलेली सवय अशी की वाचनं एकमेकांशी जुळल्याशिवाय मी उत्तर मानत नाही. पुन्हा मोजलं, वेगळं आलं. पुन्हा मोजलं, आणखी वेगळं. नाना म्हणाले, "तुमची नली खराब हाय." मी म्हटलं, "नाना, तुमचं तेल गोठतंय." आणि खरंच, सकाळच्या गारठ्यात खोबरेल दाटून ब्युरेटच्या आतल्या भिंतीला चिकटून राहत होतं. नळीतून गेलं असं दिसणारं तेल हेडमध्ये पोचतच नव्हतं. पोट होतं त्यापेक्षा मोठं भासत होतं आणि रेशो होता त्यापेक्षा कमी.

"डिझेलनं मोजू," मी म्हटलं.

रीत मोडायची म्हणजे नानांच्या जिवावर आलं होतं. ते वर गेले, काकींना विचारून आले. मग हेडला कुंकू लावलं, करंगळीने खोबरेलाचा एक ठिपका दिला, हात जोडले आणि म्हणाले, "आता सोडा तुमचा डिझेल." वाचनं जुळली. रेशो आधीच साडेनऊ होता. हेड आणखी घासलं असतं तर तो दहाच्या वर गेला असता आणि ते पिस्टन खाडीच्या मध्यावर फुटले असते. नानांनी ते हेड दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरलं. ते घाबरलेले मी त्याच दिवशी पाहिले.

साडेनऊ तरी त्या म्हाताऱ्या पिस्टनना झेपेल का, हा प्रश्न उरलाच. जोर जास्त ठेवावा तर वाटेत बंद पडायची भीती, कमी करावा तर ओहोटीने गाठायची भीती. नाना चार दिवस रिक्षावाल्यांनासुद्धा काही बोलले नाहीत. मग त्यांनी हेडखाली बसवायला तांब्याची जाड चकती, गॅस्केट, कापून आणली आणि पोट तेवढं वाढवून नऊवर आले. म्हणाले, "हलू गेलो तर चालंल. ती बसलेली असताना बंद पडून नाय चालनार." तेव्हा मला कळलं की हा शर्यतीतला माणूस आयुष्यात पहिल्यांदा मागे राहायला कबूल झाला आहे, आणि मला त्यांच्याविषयी फार माया वाटली.

पौष पौर्णिमेला आम्ही निघालो. काकींना खुर्चीसकट होडीत ठेवलं, डोक्यावर छत्री. त्यांनी हिरवं लुगडं आणि सगळे दागिने घातले होते, लग्नाला निघाल्यासारखं. इंजिन सुरू झालं तेव्हा नानांनी सवयीने डोळे मिटले. मग उघडले आणि माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. ठोका नव्हता.

वेळेत पोचलो. बंदर म्हणावं असं तिथे काही नव्हतं. धक्क्याचे चार दगड, त्यांवर चढलेली तिवरांची झुडपं आणि मागे सरळसोट भराव. काकींनी मात्र बोटाने एकेक जागा दाखवायला सुरुवात केली. इथे विहीर, इथे म्हावरं सुकत घालायचं, इथे माझ्या आयचा उंबरा. बोट भरावाकडे असे आणि त्यांना तिथे घर दिसत असे. मला काही दिसत नव्हतं, तरी मी प्रत्येक वेळी "हो" म्हणत होते.

पाणी थांबलं. मग दगडावरची ओली रेघ दिसू लागली, म्हणजे उतरायला लागलं. मी घड्याळाकडे पाहिलं. "नाना, निघायला हवं."

काकी अजून बोलत होत्या. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. मग हात लांब करून त्यांनी इंजिन बंद केलं.

"नाना, अडकू आपण."

ज्या ओहोटीला चुकवण्यासाठी महिनाभर थेंब थेंब मोजलं, ती ओहोटी नाना बांधावर बसल्यासारखे बघत राहिले. होडी हळूहळू एका अंगावर कलली आणि चिखलात टेकली. चहूकडे चिखल, त्यात बगळे उतरले. पुढची भरती रात्री होती.

काकींनी विचारलं, "जायचं ना रं?"

नानांनी त्यांचा पदर सारखा केला आणि म्हणाले, "पानी गेलं, चंद्रे. आता परत येईपर्यंत आपल्याला इथून कोन बी उठवू शकत नाय."