नमुना सही

एका सरकारी परिपत्रकाची मागची बाजू मी चार महिने लपवून ठेवली होती. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ज्यांच्यापासून लपवली ते आमच्या यवतमाळच्या ऑफिसातले दफ्तरी. नाव लिहीत नाही. त्यांचं नाव त्यांनी स्वतःच लिहावं, आणि त्यावरूनच तर सगळं झालं.

कचेरीत कधी काम पडलं असेल तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. रेकॉर्डच्या खोलीत पोत्यावर बसलेला, पुढ्यात दाभण, दोरा आणि खळीचा डबा. फाइल शिवून झाली की दफ्तरी ती मांडीवर घेत, तळहातानं तिची पाठ दाबत आणि म्हणत, "बसला कागद." एकदा हे म्हणून झालं की संपलं. मग मोठे साहेब आले तरी टाका उसवायचा नाही.

मूळचे ते फुलसावंगीकडच्या तांड्यातले. आजे-पणजे बैलांवर मीठ वाहणारे. तांड्यात सही करणारे पहिले हेच. तिशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात शिकलेले. पगाराच्या दिवशी बाकीचे शिपाई अंगठा लावून मोकळे होत. दफ्तरी आधी हात धोतराला पुसत, स्टुलावर बसत आणि एकेक अक्षर काढत. शेवटच्या अक्षराखाली एक ऐटदार फराटा. मागे रांग ताटकळे. हेडक्लार्क म्हणत, "दफ्तरी सही करून राह्यले रे, तवर चहा सांग."

"सांगा, सांगा," दफ्तरी मान वर न करता म्हणत. "मलेबी एक सांगा."

छप्पन साली राज्यपुनर्रचना झाली आणि विदर्भासकट आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो. नियम नवे, फॉर्म नवे. त्या गडबडीत माझं एक पत्र वेळेवर फाइलला लागलं नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी मी ते घेऊन दफ्तरींकडे गेलो.

"मधात घालून द्या. कोणाला कळतंय?"

"कागद बसला, बाबू."

"दोन टाके तर उसवायचेत."

"दोन उसवले का साऱ्या फाइलीवरचा भरोसा जाते."

माझ्यावर ठपका आला. एवढीशी गोष्ट, पण मी ती मनात धरली. तेव्हा मी तिशीतला होतो, आणि चार लोकांत ठपका येण्याइतकं वाईट जगात काही नाही अशी माझी समजूत होती.

पुढच्या वर्षी दफ्तरींचे हात धरले. बोटांचे सांधे सुजले, सकाळी मूठ मिटेना. खळ शिजली की ते गरम डबा दोन्ही हातांत धरून बसत. कोणी पाहिलं तर म्हणत, "निवली का पाह्यतो." खळ निवायला अर्धा तास लागे आणि ते अर्धा तास पाहत असत.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या नागपूरहून मागवाव्या लागत, आणि दफ्तरींच्या पगाराला त्या झेपणाऱ्या नव्हत्या. पण सरकारी नोकराला डॉक्टरच्या दाखल्यावर औषधाचा खर्च परत मिळण्याची सोय होती. पहिली बाटली त्यांनी उसनवारी करून आणली. तीन आठवड्यांनी माझ्या टेबलापाशी आले आणि हात पुढे केला.

"पाहा, बाबू. मिटली मूठ." मग बिल ठेवलं. हे मंजूर झालं की दुसरी बाटली.

बिलं मी पाहत असे. बिलावरची सही सेवापुस्तकातल्या नमुन्याशी जुळत नव्हती. जुळणार कशी? ज्या हातांसाठी औषध, त्याच हातांनी ती केली होती. याबद्दलचं परिपत्रक पाठपोट छापलेलं होतं. पुढच्या बाजूला: सही न जुळल्यास बिल परत करावे. मागच्या बाजूला: आजाराने हस्ताक्षर बदलले असल्यास अधिकाऱ्यासमोर नवा नमुना घ्यावा. मी दोन्ही बाजू वाचल्या होत्या. दफ्तरींना पुढची दाखवली.

"सही जुळत नाही. अंगठा लावा, म्हणजे प्रश्नच मिटला."

ते लावणार नाहीत हे ठाऊक असूनच मी म्हणालो.

"अंगठा नाई, बाबू," ते म्हणाले. "तांड्यातले लेकरं माही सही पाहून लिहाले बसले. त्यायले काय सांगू? मी जुळन तशी करतो."

मग रोज जेवणाच्या सुट्टीत ते सेवापुस्तक मागून घेत आणि माझ्यासमोर बसून रद्दी कागदांवर गिरवत.

"काय चाललंय, दफ्तरी?" हेडक्लार्कनं एकदा विचारलं.

"माह्याच सहीची नक्कल करून राह्यलो. या बुढ्यापरीस तो जवान लय लबाड निघाला. हाती लागत नाई."

सगळे हसले. मीही हसलो.

पहिलं धरून दिवाळीनंतर त्यांनी तीनदा बिल दिलं आणि तीनदा मी परत केलं. बाटली कधीच संपली होती. आता सुईत दोरा शिपायाकडून ओवून घ्यावा लागे. दाभण दोन तळहातांत धरून रेटत. कुरकुर एकदाही केली नाही. मीच रेकॉर्डच्या खोलीकडे जाणं टाळू लागलो.

होळीच्या आधी ते एक फाइल घेऊन आले. नुकतीच शिवलेली. माझ्या टेबलावर ठेवली आणि तिची पाठ तळहातानं दाबली. मग कात्रीनं स्वतःचेच टाके कापू लागले. कात्रीही हातात नीट बसत नव्हती.

"हे काय करता?"

"नाई बसला कागद," ते म्हणाले. "टाके ढिले आले. दुसऱ्याकून शिवून घ्या, बाबू. माह्याकून आता होत नाई."

मी उठलो. खणातून परिपत्रक काढलं, त्यांच्या दंडाला धरून साहेबांच्या खोलीत नेलं आणि मागची बाजू वर करून साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी वाचलं, म्हणाले, "करा सही." दफ्तरींनी हात धोतराला पुसले. वाकडीतिकडी सही झाली, फराट्यासकट. साहेबांनी खाली आपली केली. पंधरा मिनिटांचं काम होतं.

गोळ्या आल्या. उन्हाळ्यात दफ्तरी स्वतः दोरा ओवू लागले. ओवला की सुई वर धरून खिडकीतून येणाऱ्या उजेडात पाहत. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडीच राहिली. मधात खंड पडला, डॉक्टर म्हणाले. तरी त्या हातांनी त्यांनी पुढे आठ वर्षं फाइली शिवल्या. त्यांचं प्रकरण दाखवून पुढे आमच्या झाडूवाल्या बाईंचं आणि पुसदच्या एका चौकीदाराचं बिल पास झालं. निरोपाच्या दिवशी दफ्तरी सगळ्यांपुढे म्हणाले, "या बाबूनं माहे हात वाचवले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, आणि लोकांना तो विनय वाटला.

तांड्यात गेल्यावर दर दिवाळीला त्यांचं कार्ड येई. मजकूर कोणा लेकराच्या हातचा, सही त्यांची. दरवर्षी थोडी सरळ होत गेलेली. मी उत्तरं लिहिली, पण हे त्यात लिहिलं नाही. गेल्या दिवाळीला कार्ड आलं नाही. मग त्यांच्या मुलाचं पत्र आलं.

परवा मी रेकॉर्डच्या खोलीतून त्यांच्या औषधाची फाइल काढली. त्यांनीच शिवलेली आहे. माझे तिन्ही आक्षेप तारखेनुसार लावलेले, आणि त्यांच्या वर परिपत्रक, मागची बाजू वर करून. दफ्तरींनी उभ्या नोकरीत चुकून कागद उलटा लावला नव्हता. ते सावकाश वाचत, पण वाचत. म्हणजे मी ती बाजू लपवली हे त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असून ते निरोपाच्या दिवशी सगळ्यांपुढे तसं म्हणाले.

टाके अजून घट्ट आहेत. मी ते उसवणार नाही. चार महिने आणि उजव्या हाताची दोन बोटं, एवढं मी त्यांचं देणं लागतो.