खेळाच्या बाई पडल्या तेव्हा

शाळेत गणिताच्या बाई होत्या, इतिहासाच्या बाई होत्या. पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की मुलींना खेळाच्या बाईच आठवायच्या. बत्तीस वर्षं त्यांनी मुलींना मैदानावर पळवलं होतं. कुणाचं पोट खरंच दुखतंय आणि कुणाचं तासापुरतं, हे त्यांना चालण्यावरून कळायचं.

साथ आली, शाळा बंद झाली आणि खेळाचा तास मोबाइलवर आला. सुनेनं टेबल भिंतीकडे सरकवलं, फोन डब्याला टेकवला आणि बजावलं, “आई, इथून हलू नका, नाहीतर मुलींना नुसते पायच दिसतील.” समोर चाळीस काळे चौकोन. एकीचाही कॅमेरा चालू नाही. “करताय ना गं?” विचारलं की “हो बाई” असे अंथरुणातले आवाज यायचे. मैदानावर कान तरी धरता येतो, चौकोनाचा काय धरणार?

जास्त काळजी टोळाची होती. नववीतली ही मुलगी लांब उडी अशी मारायची की बाईंनीच तिला ते नाव दिलं होतं. आता तिची आई फोनवर सांगत होती, “पहाटेपर्यंत मोबाइल, दुपारी उठणं, दिवसभरात चिप्सचं एक पाकीट. बोललं की दार लावून घेते.”

तिसऱ्या महिन्यात दोरीवरच्या उड्या दाखवताना बाईंचा पाय सतरंजीत अडकला आणि त्या धाडकन पडल्या. एका क्षणात जवळजवळ सगळे चौकोन उघडले. “बाई, लागलं का?” बसल्या जागी त्यांनी फोन खाली ओढला. पिंजारलेले केस, सुजलेले डोळे, मागे उशा, एकीच्या तोंडात ब्रश. कळ मस्तकात जात होती, तरी बाईंना हसू फुटलं. “अगं, अकरा वाजले. तुमची तोंडं बघायला मी पाय मोडून घ्यायचा होय?”

पाय खरंच मोडला होता. सहा आठवडे प्लॅस्टर. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तास बंद करू. बाईंनी टोळाला फोन लावला. “उद्यापासून तास तू घ्यायचा. मी खुर्चीत बसून आकडे मोजते.”

“बाई, मला आता धाप लागते.”

“मग धापेसकट घे.”

दुसऱ्या दिवशी तासाच्या सातव्या मिनिटाला टोळ मटकन खाली बसली. कालपासून पोटात काही नाही, असं हळूच म्हणाली. बाईंनी भाषण दिलं नाही. “तास थांबलाय. खाऊन ये, आम्ही आहोत इथेच.” ती उकडलेलं अंडं आणि केळं घेऊन आली आणि तिनं ते सगळ्यांसमोर खाल्लं. तेवढ्यात आणखी तिघी गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन आल्या. पुढे आधी खाणं, मग उड्या, असंच ठरून गेलं. टोळानं तास सकाळी सातला ओढला, तेव्हा तिचा मोबाइल रात्री दहालाच बाजूला पडू लागला. सगळ्याच काही सुधारल्या नाहीत. दोघींनी कॅमेरा कधीच लावला नाही. त्यांना बाई दर शनिवारी फोन करून तासभर गप्पा मारायच्या.

प्लॅस्टर निघालं त्या सकाळी बाई पदर खोचून फोनसमोर उभ्या राहिल्या.

“बाई, घोटा कच्चा आहे अजून,” टोळ म्हणाली. “आज तुम्ही आमच्याबरोबर करा. आणि उड्या नाहीत, फक्त हात.”

बाईंनी निमूटपणे हात वर केले.