आत्या म्हणणारा आवाज

माझ्या गुडघ्यांनी पायमशीनशी अबोला धरला, तिथून हे सगळं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, पॅडल बंद. बंद म्हणायला त्यांचं काय जातं? ब्लाऊज, फॉल-पिको आणि भरतकाम यावरच माझी चूल आजवर पेटत आली. मग मनानं घेतलं की कंप्यूटरवर चालणारी भरतकामाची मशीन घ्यायची. नवी झेपणारी नव्हती, म्हणून जुनी. पाटल्या मोडल्या आणि मोबाईलवर जाहिराती बघत बसले. मोबाईल मी माझा मीच शिकलेय, त्यामुळं त्याच्यावर माझा जरा जास्तच भरवसा.

एक मशीन दिसली. वेरूळची. किंमत बेताची, फोटो स्वच्छ. मी फोन केला. पलीकडं तरुण आवाज, नरम. म्हणाला, "बोला मावशी." बहिणीची मशीन होती, तिचं लग्न झालं, आता पडून आहे. बोलणं अगदी पुस्तकातलं होतं त्याचं, तेवढं मला चांगलं आठवतं.

आता आपल्याकडं कुणाशी दोन वाक्यं बोललं की तिसरं वाक्य काय असतं? गाव कोणतं. पण मी त्याला विचारायच्या आधी माझंच सांगून मोकळी झाले. म्हटलं, मी गंगापूरकडची, माहेर तिकडं. गुडघ्यांचं सांगितलं. पाटल्यांचंही सांगितलं. घरात एकटी असते हेसुद्धा सांगितलं असेन. समोरचं माणूस हं हं करत ऐकून घेतंय म्हटल्यावर मी कुठली थांबते.

दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. "आत्या, जेवलात का?"

मावशीची आत्या झाली होती. त्याचं आजोळ म्हणे गंगापूरजवळच. आता हे बाहेरच्याला कळायचं नाय. माहेरच्या गावची लेक म्हणजे सगळ्या गावाची आत्या. सासरी आयुष्य काढलेल्या बाईला रस्त्यात कुणी आत्या म्हणून हाक मारली, तर ती हातातली पिशवी खाली ठेवून उभी राहते. मीही राहिले.

"दारातली तुळस लई छान वाढलीय आत्या," असंही तो म्हणाला. मला बरं वाटलं. त्यानं तुळस कुठून बघितली, हे मनात आलंच नाही. मोबाईलवर माझ्या नावापुढं जो फोटो आहे, त्यात मी तुळशीजवळ उभी आहे, हे फार उशिरा ध्यानात आलं.

मी म्हटलं, "वेरूळ काय लांब आहे, बसनं येते आणि बघून जाते."

"आत्या, त्या गुडघ्यांना कशाला तरास? आम्ही समदे दवाखान्यात, घराला कुलूप. बयाना पाठवा, रविवारी टेम्पोत घालून दारात आणून देतो. पुण्याचं गिऱ्हाईक मागं लागलंय, पण मी म्हणलं, आधी आत्या. कसं का व्हईना."

कसं का व्हईना. हे माझं बोलणं. गल्लीत मला त्याच्यावरून चिडवतात. आदल्या दिवशी पुस्तकातलं बोलणारा पोरगा आता व्हय, नाय, लई म्हणत होता, आणि वाक्य संपवताना मी जशी थांबते तसाच थांबत होता. मला तेव्हा त्यात आपलेपणा वाटला, भीती नाही.

संध्याकाळपर्यंत बयाना पाठवते म्हणाले. त्यानं मशीन चालतानाचा व्हिडिओ पाठवला. दुपारी जेवण उरकून मी तो लावला. सुई, कापड ताणलेली रिंग आणि मागं हिरव्या पडद्याची कड, एवढंच दिसत होतं. पण मशीन मी डोळ्यांपेक्षा कानांनी बघते. आवाज मोठा करून मोबाईल कानाशी धरला. टाका नीट पडत होता. बॉबीन कुरकुरत नव्हती. मग त्या टकटकीच्या मागून, लांबून, एक आवाज आला.

"कैंचीऽऽ..."

मग सायकलची घंटी, एकदाच.

"...धाऽऽर."

मी व्हिडिओ परत लावला. परत तेच.

आमच्या गल्लीत धारवाले चाचा यायचे. सायकलवरच सहाण बसवलेली. त्यांना दम्याचा त्रास, म्हणून कैंची आणि धार यांच्या मध्ये श्वास तुटायचा, आणि त्या तुटलेल्या जागेत ते घंटी वाजवायचे. माझ्या सगळ्या कात्र्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. आणि आता भर दुपारी, माझ्या कानात, ते धार करायला बोलावत होते. खोटं कशाला बोलू, मी उठून दार उघडून गल्लीत बघून आले. ऊन होतं, एक कुत्रं झोपलं होतं.

तशीच चप्पल घालून मागच्या गल्लीत आपाकडं गेले. आपा म्हणजे माझी भरतकामातली जुनी जोडीदारीण. तिच्याकडं अशी मशीन एकेकाळी होती, पण आतल्या खोलीत. मी ती कधी नीट बघितलेली नव्हती. काही न बोलता तिच्या कानाला मोबाईल लावला.

चाचांची हाक आली तशी आपा खाली बसली. "बाई, ये कहाँ से लाई तू?"

मी सांगितलं. तिनं चष्मा लावला आणि पडद्याची कड निरखली.

"ये तो मेराच परदा है. मेरीच मशीन. बेचने के वास्ते मैंच निकाली थी व्हिडिओ, मोबाईल पे डाली थी. मशीन तो कब की जालन्याला गयी." तिनं मोबाईल परत कानाशी धरला. मग म्हणाली, "मशीन गयी, चाचा गये, और ये अभी तक फिर रहा है घर घर."

तिच्याच दारात बसून मी त्याला फोन लावला. म्हटलं, "बाळा, एक काम कर. लाल दोरा घाल, माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढ आणि आत्ताचा व्हिडिओ पाठव. मग लगेच बयाना."

"आत्या, लाईट गेलीय."

"दवाखान्यातली?"

फोन ठेवला नाही त्यानं. नुसता श्वास ऐकू येत होता. मग अगदी माझ्यासारखं, सावकाश, म्हणाला, "कसं का व्हईना, आत्या." आणि फोन बंद झाला. आपानं मला पाणी दिलं. पुन्हा तो नंबर लागला नाही. जाहिरात दिसेनाशी झाली होती.

मशीन मी पुढं घेतली, शेंद्र्याच्या एका बाईकडून, तिच्या घरी जाऊन. माझं कापड, माझा दोरा नेला आणि तासभर चालवून बघितली. पैसे तिच्या हातात, मशीन माझ्या रिक्षात, मधे काही नाही. ती बाई म्हणाली, "मावशी, एवढा संशय?" मी म्हटलं, "व्हय, एवढाच."

तो व्हिडिओ मी पुसलेला नाही. आपानंही मागून घेतला. कधीतरी दुपारी तिच्या घरातून चाचांची हाक येते आणि गल्लीतलं जुनं कुणी कात्री घेऊन उंबऱ्यापर्यंत येतं.

पण त्याच आठवड्यातलं एक राहिलं. माझ्या खऱ्या भाच्याचा गंगापूरहून फोन आला. नवा नंबर होता. "आत्या, शनिवारी येतोय गं."

मी नंबर परत निरखला.

"आत्या? ऐकू येतंय का?"

"आपल्या मागच्या हौदावर काय कोरलंय, सांग."

"बरी आहेस ना तू?"

"सांग आधी."

"मोर. एका पायाचा. दुसरा पाय खिळ्यानं कोरायला तूच गेलीस अन् आजोबांचा मार खाल्लास, तूच तर सांगतीस सगळ्यांना."

तेव्हा कुठं मी म्हटलं, "व्हय, बोल बाळा." तो हसला, मीही हसले. शनिवारी काय खाणार ते विचारलं आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर मात्र तिथंच बसून राहिले. सगळ्यांना सांगते, हे तर खरंच. त्या पहिल्या दिवशी मशीनवाल्या पोराला एवढं सगळं सांगितलं, त्यात मोराचंही सांगितलं होतं का, ते मला अजून आठवत नाही.