शालीखालचा माणूस

ज्याला तुम्ही शूर म्हणून शाल पांघरवता, त्याला शूर व्हायचं होतं का, हे कधी विचारलंत? ताज्या पत्रकाच्या शाईचा वास आला की मला लातूरचा आमचा क्लास आठवतो, जिथे मी मुदखेडहून बारावीसाठी आलो होतो. भूकंपाच्या स्मृतिदिनी सरांनी किल्लारीकडच्या एका शेतकऱ्याला सत्काराला बोलावलं होतं, आणि पत्रक मी लिहिलं होतं: ‘शेजाऱ्याची लेक वाचवणारा वीर’. पत्र्याच्या हॉलमध्ये आम्ही घामेजून बसलो होतो. “फिजिक्सचा तास वाचला, लई बेस झालं,” बाजूचा मित्र कुजबुजला. शाल पांघरलेले काका माइकवर आले. “पोराहो, म्या माझंच घर समजून उकरायलो व्हतो. गल्लीच उरली न्हवती, अंधारात घर कसं वळखावं? दगडाखालून रडणं आलं, म्हणलं माझीच पोरगी हाय. काढली, तर शेजाऱ्याची निघाली. माझी पल्याडच्या ढिगात व्हती. ती रडलीच न्हाई.” सरांनी माइक घेतला. “याला म्हणतात त्याग! टाळ्या!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. काकांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि ते गावाकडची जीप गाठायला निघून गेले. आज मी पत्रकं लिहूनच जगतो, पण त्या पत्रकात काकांची स्वतःची मुलगी नव्हती. तुमच्या गावात असा सत्कार असेल, तर टाळ्यांच्या आधी उभे राहा आणि त्या माणसाला त्याच्या गेलेल्या माणसाचं नाव विचारा. मी विचारलं नाही, तुम्ही विचारा.