व्हर्नाची कात्री

कॅन्ससमधल्या त्या गवताळ धावपट्टीवर निम्म्या गावाला विमान चालवायला शिकवलं ते व्हर्ना क्रॉलने, आणि तेही शिव्या घालत. कौतुक करणं तिच्या जिवावर यायचं. शिकाऊ माणूस पहिल्यांदा एकट्याने विमान उतरवून आला, की वैमानिकांच्या रिवाजाप्रमाणे ती त्याच्या शर्टाची पाठ कापून विमानांच्या शेडच्या भिंतीवर ठोकायची. तेवढंच काय ते कौतुक.

डेल ऑस्ट्रँडरची पाळी आली, तेव्हा त्याची बायको केक घेऊन आली होती, मेहुणा कॅमेरा घेऊन. सगळ्यांच्या देखत डेलचं विमान आदळलं, चेंडूसारखं उसळलं आणि पुन्हा नाकावर आपटलं. पुढचं चाक मोडलं, पंखा वाकला. डेल मात्र धडधाकट बाहेर आला.

व्हर्ना तरातरा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "मेल्या, उसळलं की इंजिनाला जोर देऊन परत वर जायचं, हे घसा फोडून सांगितलं होतं ना? डोकं घरी ठेवून आलास?"

"वारा होता, बाई."

"वारा? धावपट्टीवरचा तो झेंडासुद्धा हलत नाहीये!"

"जाऊ द्या ना, जीव वाचला," बायको मध्ये पडली. "कापा शर्ट."

"शर्ट विमान उतरवणाऱ्याचा कापतात. ह्याने पाडलंय!"

डेल लालबुंद झाला. "परत वरच जाणार होतो. पण खाली बघितलं, तर तुम्ही आधीच कात्री घेऊन उभ्या होतात. म्हटलं, उतरलो वाटतं."

शिवी घालायला व्हर्नाने हात उगारला. कात्री अजून तिच्या हातातच होती.